बी.सी.जी. लस आणि बालकांचा क्षयरोग

भारतातील एखाद्या रुग्णालयात मूल जन्मास आले की, घरी नेण्यापूर्वी त्याच्या डाव्या दंडावर एक बारीक सुई टोचली जाते. काही आठवड्यांनी त्या जागी एक पुटकुळी उठते, ती फुटते, तिच्यावर खपली धरते आणि शेवटी एक लहानसा वाटोळा वण मागे राहतो. हा वण म्हणजे बी.सी.जी. लसीची खूण होय. जगात आजवर जितक्या बालकांना ही लस मिळाली आहे, तितक्यांना फारच थोड्या लसी मिळाल्या असतील. आज प्रचारात असलेल्या लसींमध्ये ती अतिशय जुनी आहे. १९२१ साली तिचा प्रथम उपयोग झाला.

असे असूनही हिच्याइतका वाद क्वचितच दुसऱ्या एखाद्या लसीने निर्माण केला असेल. तिची सर्वांत मोठी चाचणी भारतातच झाली आणि त्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिले नाही. तरीही ती भारतातील प्रत्येक नवजात बालकाला देण्याचे धोरण चालू राहिले. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात तसा विरोध नाही. तो का नाही हे समजून घेतले म्हणजे या लसीकडून कोणती अपेक्षा करावी आणि कोणती करू नये, हेही आपोआप स्पष्ट होते.

बालकाच्या शरीरातील क्षयजंतू

क्षयरोग हा जंतूंपासून होणारा रोग आहे, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. तोपर्यंत हा रोग घराण्यातून चालत येतो अशी सर्वत्र समजूत होती. एकाच कुटुंबात आजी, आई आणि मूल यांना क्षय झालेला दिसत असे, आणि त्याचे कारण रक्ताच्या नात्यात शोधले जाई. खरे कारण एका छपराखाली राहण्यात होते. फुप्फुसाचा क्षय झालेली प्रौढ व्यक्ती खोकते, शिंकते किंवा बोलते, तेव्हा जंतूंनी युक्त असे अतिसूक्ष्म तुषार हवेत पसरतात. बंदिस्त खोलीत ते दीर्घ काळ तरंगत राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतात. गर्भावस्थेतच क्षयाची बाधा होण्याचे प्रकार अत्यंत विरळ आहेत. मूल बहुधा निरोगीच जन्मते. त्याला क्षय देते ती त्याच्या भोवतालची हवा.

फुप्फुसात शिरलेल्या जंतूंना तेथील भक्षकपेशी गिळतात, परंतु त्यांना नष्ट करणे या पेशींना नेहमी साधत नाही. जंतू त्या पेशींतच वाढू लागतात आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसीका ग्रंथींपर्यंत जातात. काही आठवड्यांनी शरीरातील विशिष्ट पांढऱ्या पेशी या जंतूंना ओळखण्यास शिकतात. मग जंतूंभोवती पेशींची एक तटबंदी उभारली जाते आणि बहुतेक माणसांत रोग तेथेच थांबतो. संसर्ग झालेल्या प्रौढांपैकी दहांत सुमारे एकालाच पुढे आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो.

अर्भकाची गोष्ट वेगळी असते. त्याची प्रतिकारयंत्रणा अजून पक्व झालेली नसते. तटबंदी उभी राहण्यापूर्वीच जंतू रक्तप्रवाहात शिरतात आणि सर्व शरीरभर पसरतात. क्षयावर औषधे उपलब्ध नव्हती त्या काळात वैद्यांनी जी निरीक्षणे नोंदवून ठेवली आहेत, त्यांवरून असे दिसते की, वयाच्या पहिल्या वर्षात संसर्ग झालेल्या बालकांपैकी सुमारे निम्म्यांना प्रत्यक्ष रोग होत असे. हे प्रमाण वयाबरोबर कमी होत जाते आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांत ते सर्वांत कमी असते. म्हणजेच संसर्ग तोच, जंतू तोच. परंतु तो कोणत्या वयात गाठतो यावर बालकाचे भवितव्य अवलंबून असते.

रक्तावाटे पसरणाऱ्या क्षयाची दोन रूपे विशेष भयंकर आहेत. पहिल्या प्रकारात फुप्फुसे, यकृत, प्लीहा इत्यादी अवयवांत बाजरीच्या दाण्यांएवढ्या असंख्य गाठी उत्पन्न होतात. दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. मूल प्रथम किरकिरे होते, खेळेनासे होते, त्याला ताप येतो, वांत्या होतात. पुढे ग्लानी येते, मान ताठ होते, आकडी येते. औषधे सापडण्यापूर्वी मेंदूच्या क्षयातून मूल वाचत नसे. आज ते वाचू शकते. परंतु उपचारास उशीर झाला तर अंधत्व, बहिरेपणा, पक्षाघात किंवा मतिमंदत्व यांपैकी काही ना काही जन्मभर मागे राहण्याचा संभव असतो. बी.सी.जी. लसीचे खरे कार्यक्षेत्र कोणते, हे समजण्यासाठी ही दोन रूपे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

तेरा वर्षांची साधना

देवीच्या रोगावर जेन्नरने शोधलेली लस सर्वांना ठाऊक होती. गाईला होणाऱ्या सौम्य रोगाचे द्रव्य टोचले असता माणसाचे देवीपासून रक्षण होते, हे त्याने दाखवून दिले होते. गाईंनाही क्षय होतो. तेव्हा गाईच्या क्षयजंतूपासून माणसाच्या क्षयावर लस करता येईल काय, असा विचार साहजिकच पुढे आला. परंतु गाईचा क्षयजंतू माणसालाही घातक ठरतो, हे लवकरच कळून चुकले. त्याचे विष आधी उतरविणे भाग होते.

हे काम फ्रान्समधील लील या शहरातील पाश्चर संस्थेत अल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ या दोघांनी हाती घेतले. काल्मेत हे वैद्य होते, तर गेराँ हे पशुवैद्य होते. प्रयोगासाठी त्यांनी घेतलेले जंतू नोकार या शास्त्रज्ञाने एका क्षयग्रस्त गाईच्या दुधातून वेगळे केलेले होते. क्षयजंतूंचे एकमेकांना चिकटून गोळे बनतात, त्यामुळे त्यांचे एकसारखे मिश्रण करणे अवघड जाते. ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी ग्लिसरीनमध्ये शिजविलेल्या बटाट्याच्या कापांवर बैलाचे पित्त घालून जंतू वाढविले. तेव्हा त्यांच्या असे लक्षात आले की, पित्तयुक्त माध्यमावर वाढणाऱ्या जंतूंची रोगकारक शक्ती हळूहळू क्षीण होत आहे. १९०८ साली त्यांनी हा प्रयोग पद्धतशीरपणे सुरू केला. सुमारे दर तीन आठवड्यांनी जंतू जुन्या माध्यमावरून नव्या माध्यमावर न्यावयाचे, असा हा क्रम होता. पहिल्या महायुद्धात लील शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले, बटाटे आणि पित्त मिळणे दुरापास्त झाले, तरी हा क्रम खंडित झाला नाही. तेरा वर्षांत २३० वेळा असे स्थलांतर झाल्यानंतर जे जंतू उरले, ते गिनीपिग, ससे, गाई यांपैकी कोणत्याही प्राण्यात क्षय उत्पन्न करीनासे झाले. या जंतूंना दोघा संशोधकांच्या नावांवरून ‘बॅसिलस काल्मेत-गेराँ’ असे नाव मिळाले. त्याचेच आद्याक्षरी रूप म्हणजे बी.सी.जी.

या जंतूंत नेमका कोणता बदल घडला होता, हे काल्मेत आणि गेराँ यांना ज्ञात असणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांचा अभ्यास शक्य झाला, तेव्हा असे आढळले की, मूळ क्षयजंतूच्या जनुकद्रव्याचा एक महत्त्वाचा भाग बी.सी.जी.मध्ये नाहीसा झालेला आहे. रोग उत्पन्न करण्याची शक्ती मुख्यतः त्या भागावर अवलंबून असते. भाग गळून पडल्यामुळे जंतू पूर्वीचे विष आपोआप परत मिळवू शकत नाही.

१९२१ साली पॅरिसमध्ये एका नवजात बालकाला ही लस प्रथम देण्यात आली. बाळाची आई प्रसूतीनंतर लवकरच क्षयाने मृत्यू पावली होती आणि त्याचा सांभाळ करणारी आजीही क्षयग्रस्त होती. त्या बालकाला वाचविण्याचा दुसरा कोणताही उपाय वैद्यांपाशी नव्हता. लस तोंडावाटे देण्यात आली. बालकावर कोणताही अनिष्ट परिणाम झाला नाही आणि त्याला क्षयही झाला नाही. एका बालकाच्या उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही, परंतु त्यामुळे वाट मोकळी झाली. पुढील काही वर्षांत फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक अर्भकांना ही लस देण्यात आली. १९२७ साली स्वीडनमध्ये आर्व्हिड वाल्ग्रेन यांनी ती तोंडावाटे न देता त्वचेत टोचण्यास प्रारंभ केला. आज हीच पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे.

ल्यूबेकची दुर्घटना

लसीचा प्रसार होत असतानाच तिच्यावर मोठे संकट ओढवले. जर्मनीतील ल्यूबेक या शहरात १९२९ च्या अखेरीपासून १९३० च्या वसंत ऋतूपर्यंत सुमारे अडीचशे नवजात बालकांना तोंडावाटे लस देण्यात आली. थोड्याच आठवड्यांत मुले आजारी पडू लागली. त्यांपैकी सत्तरांहून अधिक बालके क्षयाने दगावली आणि शंभरांहून अधिक आजारी पडून बरी झाली. सर्व युरोप हादरून गेला. जंतूंचे विष परत आले काय, हाच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता.

चौकशीत निराळेच सत्य बाहेर आले. पॅरिसहून आलेले जंतू शुद्ध होते. परंतु ज्या प्रयोगशाळेत त्यांपासून लस तयार करण्यात आली, तेथेच माणसाचे तीव्र क्षयजंतूही वाढविले जात होते आणि त्यांची लसीत भेसळ झाली होती. न्यायालयाने दोघा वैद्यांना दोषी ठरविले. बी.सी.जी.वरील आरोप दूर झाला, तथापि लोकांच्या मनातील भीती अनेक वर्षे गेली नाही. काल्मेत १९३३ साली निवर्तले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांवर या दुर्घटनेची छाया पडली होती.

ल्यूबेकने लसनिर्मितीच्या शास्त्राला एक कायमचा धडा दिला. ज्या इमारतीत बी.सी.जी. लस तयार होते, तेथे तीव्र क्षयजंतूंना प्रवेश असता कामा नये आणि लसीच्या प्रत्येक घाण्याची निर्दोषता तपासली गेली पाहिजे. आज लस टोचून घेणाऱ्या प्रत्येक बालकाला मिळणारी सुरक्षितता त्या बालकांच्या मृत्यूतून निर्माण झालेल्या नियमांवर उभी आहे.

भारतातील मोहीम

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात क्षयाने थैमान घातले, तेव्हा स्कँडिनेव्हियन देशांच्या मदतसंस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांनी बी.सी.जी.ची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली. भारतात १९४८ साली मद्रासजवळ गिंडी येथे बी.सी.जी. लस प्रयोगशाळा स्थापन झाली आणि त्याच सुमारास मदनपल्ली येथे लस टोचण्याचे काम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. १९५१ पासून देशव्यापी मोहिमेचा प्रारंभ झाला. त्या काळी आधी ट्युबर्क्युलिनची चाचणी करीत. हाताच्या त्वचेत क्षयजंतूंपासून काढलेले द्रव्य टोचून तीन दिवसांनी त्या जागी गाठ येते की नाही हे पाहात. गाठ आली तर संसर्ग पूर्वीच झालेला आहे असे समजत. न आली तरच लस टोचत. याचा अर्थ पथकाला प्रत्येक गावी दोनदा जावे लागे, आणि दुसऱ्या खेपेस अनेक मुले हजर नसत. पुढे आधी चाचणी न करता सरळ लस टोचण्यातही धोका नाही असे सिद्ध झाले, आणि १९६० नंतरच्या दशकात ती पद्धत स्वीकारण्यात आली.

या मोहिमेला विरोध झाला नाही असे नाही. १९५५ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पुस्तिका लिहून बी.सी.जी.ला जाहीर विरोध केला. निरोगी मुलांच्या शरीरात जिवंत जंतू घालणे कितपत सुरक्षित आहे आणि त्यापासून होणारा लाभ कितपत सिद्ध झाला आहे, असे त्यांच्या आक्षेपांचे सार होते. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या मोहिमेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सुरक्षिततेविषयीची शंका पुढील अनुभवाने बव्हंशी दूर झाली. लाभाविषयीचा प्रश्न मात्र अनाठायी नव्हता. त्याचे उत्तर वादाने मिळणारे नव्हते. त्यासाठी प्रयोगच करावयास हवा होता.

चिंगलपेटची कसोटी

या सुमारास जगातील निरनिराळ्या देशांतून येणारे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. ब्रिटनमध्ये शाळा सोडण्याच्या वयाच्या मुलांना लस दिली असता क्षयाचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले, तर अमेरिकेच्या दक्षिण भागातील चाचण्यांत फारसा लाभ दिसला नाही. यास्तव भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा यांच्या सहकार्याने १९६८ साली तमिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात एक प्रचंड चाचणी हाती घेतली. सुमारे २ लाख ६० हजार लोकांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निरनिराळ्या गटांत विभागून काहींना लस आणि काहींना केवळ निरुपद्रवी द्रव टोचण्यात आला. कोणाला काय मिळाले, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. त्यानंतर ठरावीक काळाने सर्व लोकसंख्येची पुनःपुन्हा तपासणी करण्यात आली.

पहिल्या साडेसात वर्षांचे निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. पंधरा वर्षांच्या पाहणीचे अंतिम निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हाही प्रौढांच्या बाबतीत चित्र पालटले नाही. बालवयात लस घेतलेल्यांत थोडासा लाभ दिसला, परंतु तो निःसंशय म्हणता येईल इतका नव्हता.

या निष्फळतेची कारणे काय असावीत? एक स्पष्टीकरण असे की, उष्ण प्रदेशांतील माती आणि पाणी यांत क्षयजंतूंचे अनेक निरुपद्रवी भाऊबंद असतात. लोकांचा त्यांच्याशी लहानपणापासून संबंध येतो आणि त्यांच्यापासून थोडी प्रतिकारशक्ती आधीच निर्माण झालेली असते. अशा शरीरात लस नवी भर घालू शकत नाही, किंवा लसीतील जंतूंची वाढच होत नाही. चिंगलपेट भागात अशा जंतूंचा प्रादुर्भाव विपुल होता. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत लस अधिक गुणकारी ठरते, ही गोष्टही या स्पष्टीकरणाशी जुळते. दुसरे असे की, चिंगलपेटमधील पुष्कळ प्रौढांना क्षयाचा संसर्ग आधीच झालेला होता आणि घर पेटल्यानंतर पहारा बसविण्यात अर्थ नसतो.

या चाचणीने कोणता प्रश्न विचारला होता, हेही पाहिले पाहिजे. एक महिन्याहून लहान अर्भकांचा तीत समावेशच नव्हता. क्ष-किरण तपासणी दहा वर्षांच्या पुढील व्यक्तींची होत असे आणि निदान थुंकीतील जंतूंवर अवलंबून होते. लहान मुले थुंकी बाहेर टाकत नाहीत, ती गिळतात. आणि मेंदूचा क्षय थुंकीत दिसत नाही. तात्पर्य, प्रौढांमधील फुप्फुसाचा क्षय लस थोपवू शकते काय, या प्रश्नाचे उत्तर चिंगलपेटने दिले. अर्भकाचा मेंदू ती वाचवू शकते काय, हा प्रश्न तेथे विचारलाच गेला नव्हता.

लस काय साधते

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अन्य अभ्यासांनी दिले, आणि त्यांत कमालीची एकवाक्यता आहे. अनेक देशांतील निरीक्षणांचा एकत्र विचार करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, बालवयात दिलेली बी.सी.जी. लस मेंदूच्या क्षयापासून सुमारे ७३ टक्के आणि सर्व शरीरात पसरणाऱ्या क्षयापासून सुमारे ७७ टक्के संरक्षण देते. २००२ या एकाच वर्षी जगात सुमारे दहा कोटी अर्भकांना लस देण्यात आली. तिच्यामुळे त्या मुलांमधील मेंदूच्या क्षयाचे सुमारे ३० हजार आणि पसरणाऱ्या क्षयाचे ११ हजारांहून अधिक प्रसंग टळले असावेत, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता.

हे कसे घडते? लस क्षयजंतूला फुप्फुसाच्या दारातच अडवते असे नाही. संसर्ग टाळण्याची तिची शक्ती मर्यादित आहे. परंतु लसीतील दुर्बळ जंतूंनी बालकाच्या पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख आधीच करून दिलेली असते. त्यामुळे खरा जंतू शिरतो तेव्हा तटबंदी उभारण्यास लागणारा काळ वाचतो आणि जंतूला रक्तात पसरण्यास अवसर मिळत नाही. नवजात बालकाचा मातीतील जंतूंशीही संबंध आलेला नसतो. म्हणून लसीला स्वतःचे कार्य करण्यास तेथे मोकळे क्षेत्र मिळते. जन्मल्याबरोबर लस देण्यामागे ही दोन्ही कारणे आहेत. चिंगलपेटनंतर भारताने बी.सी.जी.चा रोख सर्व वयांच्या लोकांवरून अर्भकांकडे वळविला. १९७८ साली सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात आणि १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिला बालकाच्या पहिल्या लसींमध्ये स्थान मिळाले.

अर्थात प्रत्येक देशाने हेच करावे असे नाही. अमेरिका आणि नेदरलँड्स यांनी ही लस सर्व बालकांना कधीच दिली नाही. स्वीडनने १९७५ साली सरसकट लसीकरण थांबविले आणि ब्रिटनने २००५ साली शाळांतील लसीकरण बंद करून फक्त अधिक धोका असलेल्या अर्भकांना लस देण्याचे ठरविले. जेथे क्षय विरळा झाला आहे, तेथे हे योग्यच आहे. भारतात मात्र तशी स्थिती नाही. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि त्यांपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होते. या देशात जन्मणाऱ्या बालकाची क्षयजंतूशी गाठ केव्हा पडेल, याचा नेम नाही.

लस टोचण्याची रीत

लस गोठवून सुकविलेल्या भुकटीच्या रूपात गडद रंगाच्या बाटलीत येते, कारण प्रकाशाने तीमधील जिवंत जंतू मरतात. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. सोबत दिलेल्या क्षारयुक्त पाण्यातच ती मिसळावयाची असते आणि एकदा मिसळलेली लस चार तासांच्या आत वापरून उरलेली टाकून द्यावी लागते. एक महिन्यापर्यंतच्या बालकाला ०.०५ मिलिलीटर आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत ०.१ मिलिलीटर असे लसीचे प्रमाण असते. नवजात बालकाची त्वचा नाजूक असल्यामुळे त्याला अर्धे प्रमाण देतात. सुई डाव्या दंडाच्या वरच्या भागावर, त्वचेच्या खाली नव्हे तर त्वचेतच शिरली पाहिजे. ती योग्य रीतीने शिरली असता त्या जागी सुमारे पाच मिलिमीटर रुंदीचा फिकट उंचवटा येतो. सुई अधिक खोल गेली तर तेथे गळू होण्याचा किंवा काखेत मोठी गाठ येण्याचा संभव वाढतो. म्हणून या कामी सरावलेला हात आवश्यक असतो.

एका बाटलीत अनेक बालकांना पुरेल इतकी लस असते. त्यामुळे एकट्यादुकट्या बालकासाठी बाटली न फोडता पुरेशी मुले जमेपर्यंत थांबण्याचा मोह केंद्रांवर होतो. बालक घरी जाते आणि लस आठवड्यांनी, कधी महिन्यांनी लांबते. लसीची काही मात्रा वाया जाणे आणि बालकाचे पहिले महिने संरक्षणावाचून जाणे, या दोहोंत पहिले नुकसान कितीतरी लहान आहे. जन्मतः लस राहून गेलीच, तर पहिला वाढदिवस होण्यापूर्वी ती शक्य तितक्या लवकर द्यावी.

टोचल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुटकुळी येते. ती वाढते, फुटते, तिच्यातून थोडा पू येतो आणि सुमारे दोन ते तीन महिन्यांत जखम भरून वण राहतो. हा रोग नव्हे. लस लागू पडल्याचे ते लक्षण आहे. त्यावर हळद, लेप किंवा मलम लावू नये, पट्टी बांधू नये. जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी. क्वचित त्याच बाजूच्या काखेत अवधाण येते. गाठ लहान असेल तर ती बहुधा आपोआप जिरते. मोठी होऊ लागली, मऊ पडली किंवा वाहू लागली तर डॉक्टरांना दाखवावी. काही मुलांच्या दंडावर वण उमटतच नाही. त्यावरून लस वाया गेली असे सिद्ध होत नाही, आणि तेवढ्या कारणासाठी ती पुन्हा टोचण्याची आवश्यकता नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

लसीतील जंतू दुर्बळ असले तरी जिवंत असतात. म्हणून ज्या बालकाची प्रतिकारयंत्रणा जन्मतःच सदोष असते, त्याला ती घातक ठरू शकते. घरात पूर्वी एखादे मूल अशा विकाराने दगावले असेल, तर ही माहिती लस देण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावी. एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या बालकाला ही लस द्यावयाची की नाही व केव्हा द्यावयाची, हा निर्णयही डॉक्टरांवरच सोपवावा.

लसीच्या पलीकडे

बी.सी.जी.च्या वणामुळे एक गैरसमज निर्माण होतो. लस दिली, आता मुलाला क्षय होणारच नाही, असे पालकांना वाटते. कधी कधी याच समजुतीने उपचाराला विलंब होतो. लस धोका कमी करते, तो नाहीसा करीत नाही. आणि वय वाढत जाते तसा तिचा प्रभाव ओसरतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रेंगाळणारा ताप, वजन न वाढणे किंवा घटणे यांपैकी काही दिसले, आणि विशेषतः घरात वा शेजारी क्षयाचा रुग्ण असला, तर दंडावर वण असो वा नसो, बालकाची तपासणी झालीच पाहिजे.

घरातील कोणाच्या थुंकीत क्षयजंतू आढळले, तर पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला रोग नाही याची खात्री करून घेऊन प्रतिबंधक औषध देतात. आईलाच क्षय असला तर नवजात बालकाच्या रक्षणास केवळ लस पुरेशी नसते. बालकाची तपासणी करून त्यालाही औषध सुरू करावे लागते, आणि लस केव्हा टोचावी हे डॉक्टर ठरवितात. मात्र त्यासाठी मुलाला आईपासून तोडण्याचे किंवा अंगावरचे दूध बंद करण्याचे कारण सहसा नसते. आईने तोंडावर कापड बांधावे, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि औषधांत एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये.

अखेर हे विसरता कामा नये की, बालकांना झालेला क्षय इतरांत फारसा पसरत नाही; त्यांच्या थुंकीत जंतू थोडे असतात. रोगाचा प्रवाह एका प्रौढापासून दुसऱ्या प्रौढाकडे आणि तेथून बालकाकडे वाहतो. म्हणून केवळ बालकांना लस टोचून क्षयाचे उच्चाटन होणार नाही. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या क्षय-रसायनोपचार केंद्राने असे दाखवून दिले की, घरी राहून नियमित औषध घेणारा रुग्णही रुग्णालयातील रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरातील माणसांचा धोका वाढत नाही. खोकणाऱ्या प्रौढाचे वेळीच निदान होणे आणि त्याने औषधोपचार पूर्ण करणे, हे त्या घरातील बालकाचे सर्वांत मोठे संरक्षण होय. प्रौढांनाही संरक्षण देईल अशा नव्या लसीचा शोध चालू आहे. ती हाती येईपर्यंत शंभर वर्षांची ही जुनी लस आपले मर्यादित, परंतु मोलाचे कार्य करीत राहील. तिच्याकडून जे साधते ते अर्भकाच्या पहिल्याच दिवसांत पदरात पाडून घेणे, आणि जे साधत नाही ते घरातील मोठ्यांनी आपल्या उपचाराने पुरे करणे, हाच विवेकाचा मार्ग आहे.